जावयाचे पाय

तो पहिल्यांदा दिसला तेव्हा कसा होता, असं कुणी विचारलं की मी एकच सांगते. बसलेला होता. बायकांच्या राखीव जागेवर, खिडकीशी, एक पाय लांब पसरून, मांडीवर वांग्यांची टोपली घेऊन अगदी ऐसपैस बसलेला!

एकोणसत्तर सालची गोष्ट. मी बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स होते. मोताळ्याला लस टोचायचं काम उरकून परत निघाले होते, सकाळपासून दोनशे रडकी पोरं आवरून माझं डोकं आधीच तापलेलं. त्यात एस.टी.त उभं राहायलासुद्धा धड जागा नाही.

"अहो, ही जागा बायकांची आहे," मी म्हटलं.

"हाव," तो म्हणाला. आणि बसूनच राहिला.

"मग उठा की!"

"उठलो असतो हो बाई... पण गुडघा नाई म्हणते."

"मग गुडघ्याला सांगा, बाई उभ्या आहेत म्हणून."

त्यानं खरंच मान खाली घातली आणि गुडघ्याला म्हणाला, "ऐकलं का रे? बाई उभ्या आहेत." आजूबाजूचे हसले. मी सोडून सगळे हसले. मग टोपली शेजाऱ्याच्या मांडीवर ठेवून तो दांडीला धरून उठला. राजूरचा घाट सुरू झाला होता, बाहेर धुकं उतरलेलं, खिडकीतून बारीक तुषार येत होते. पहिल्याच वळणावर त्याच्या तोंडावरचा रंग पार उडाला. ओठ दाबून तो उभा होता, आणि वर माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न करत होता.

मी खाली पाहिलं. उजव्या पायाचा पायजमा गुडघ्याखाली तट्ट बसला होता. डाव्या पायाचा सैल.

"बसा," मी म्हटलं.

"आता बाईंची जागा—"

"बसा म्हणते ना! किती दिवस झाले या सुजेला?"

"दोन महिने असतीन. धामणगाव बढ्याले आमचा निवृत्तीमामा हाडवैद्य आहे. तो रोज तेल लावून चोळून देते."

"चोळतात? ही गाठ चोळतात?" माझा आवाज इतका चढला की कंडक्टर भाऊरावनं तिकिटं फाडायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं. "एक बोट लावायचं नाही तिला. उद्या दवाखान्यात या. नाही आलात तर मी स्वतः येईन तुमच्या गावाला."

तो जरा विचारात पडला. मग म्हणाला, "मंग नाई येत."

मेलं, मला हसू आलं. मी ते धुक्याकडे तोंड फिरवून लपवलं.

आला तिसऱ्या दिवशी. नाव शालिग्राम, वय चोवीस, धंदा भाजीपाल्याचा, आणि हातात पुन्हा वांगी. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी पायाचा एक्स-रे फोटो खिडकीच्या उजेडात धरला. गुडघ्याखालच्या हाडाची कड झिजलेली, आणि हाडातून बाहेर बारीक बारीक रेघा गेलेल्या, बाभळीच्या काट्यांसारख्या.

"हाडाच्या गाठी सगळ्या सारख्या नसतात," डॉक्टर त्याला समजावून सांगू लागले. "एक जात अशी असते, की आतून खरवडून काढायची, कमरेचं थोडं हाड घेऊन ती पोकळी भरायची, आणि माणूस पुन्हा चालतो. दुसरी जात वाईट. कोणती आहे ते नुसत्या फोटोवरून ठरवायचं नसतं. तुकडा काढून तपासायला नागपूरला पाठवू."

"किती दिवस लागतीन?"

"तीन आठवडे."

तीन आठवडे! त्या तीन आठवड्यांत हा माणूस तुकडा काढल्याच्या जखमेचं ड्रेसिंग करायला दर दोन दिवसांनी यायचा. मी सांगितलं होतं आठवड्यातून एकदा या. पण ऐकेल तर शपथ. कधी मेथी, कधी मिरच्या, एकदा तर आख्खा दुधी. सारा दवाखाना मला 'सिस्टर' म्हणायचा. हा मात्र 'मनकर्णाबाई'.

"इथे सगळे सिस्टर म्हणतात," मी एकदा सुनावलं.

"म्हणू द्या. मी नाई म्हणत."

"का?"

"मंग पुढं अडचण होईन न."

पट्टी बांधता बांधता माझ्या हातातली गाठ सैलच सुटली. परत बांधली. मला तो आवडायला लागला होता, आणि याचीच मला जास्त चीड येत होती. पायात काय घेऊन बसलाय या काळजीनं मला झोप येत नव्हती, आणि हा आपला दुध्याची भाजी कशी करायची ते सांगत बसायचा!

शेवटच्या ड्रेसिंगला त्यानं कहर केला. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की रिपोर्ट वाईट आला तर वेळ घालवायचा नाही. पुढच्या सोमवारी मलकापूरहून दुपारच्या गाडीनं मुंबईला, कॅन्सरच्या मोठ्या इस्पितळात. मी चिठ्ठी घेऊन स्टेशनवर यायचं, पेशंटसोबत जायची ड्यूटीही माझीच. हे सगळं मी त्याला तीनदा सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "रिपोर्ट आला की निरोप द्या. आन् त्याच्याच संगं दुसरंबी कळवा."

"दुसरं काय?"

"तुमी मले करान का नाई ते."

"तुम्हाला? काय करू तुम्हाला?"

"नवरा," तो म्हणाला.

"लग्नाचं विचारायची ही जागा आहे? इथे? ड्रेसिंगच्या खोलीत, आयोडीनच्या वासात?"

"मंग कुठं विचारू? बसमदी तं तुमी भांडता."

मी हातातली कात्री ताटात आपटली आणि "निघा!" म्हणून ओरडले. तो लंगडत निघाला. दारात थांबून एकदा वळून पाहिलं... मी तेव्हाच हो म्हणायला हवं होतं. पण मी रागात होते, आणि रागात मला हो म्हणता येत नाही.

शुक्रवारी दुपारी रिपोर्ट आला. वाईट जातच होती.

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली. मी पाकीट घेऊन तशीच स्टँडवर पळाले, कारण धामणगाव बढ्याची गाडी सुटायला आली होती. आता असला निरोप कंडक्टरच्या तोंडी द्यायचा असतो का? नसतो. दोन ओळी कागदावर लिहायला काय झालं होतं मला? पण इंजिन घरघरत होतं आणि भाऊराव दारात उभा होता.

"भाऊराव, शालिग्रामला सांगा, रिपोर्ट आला... कॅन्सर आहे म्हणावं. सोमवारचं मलकापूर. बाकीचं तिथे सांगीन."

"सांगतो बाई," भाऊराव म्हणाला आणि दोरी ओढून घंटी मारली.

सोमवारी मी मलकापूरच्या फलाटावर नवी साडी नेसून उभी होते. हो, नेसले होते! बाकीचं सांगायचं होतं ना मला. गाडी आली, थांबली आणि गेली. शालिग्राम आला नाही. घाबरून घरी बसला, असंच मला वाटलं. चांगला बेधडक बोलणारा माणूस, आणि जिवावर बेतल्यावर शेपूट घातली! परतीच्या वाटेवर मी त्याला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या, की त्या सगळ्या लागल्या असत्या तर इस्पितळाची गरजच उरली नसती. मग घाट चढताना खूप रडू आलं.

सुट्टी मिळाली ती थेट गुरुवारी. धामणगावच्या गाडीत भाऊराव तिकीट द्यायला आला तोच तोंड पाडून. "बाई, तुमी बरं नाई केलं. पोरगं मनाले लावून बसलं."

"मी? मी काय केलं?"

त्यानं नुसती मान हलवली आणि पुढे गेला. माझा संताप आणखी चढला.

वांग्यांच्या वावराशेजारी लिंबाखाली खाट टाकली होती. खाटेवर शालिग्राम. पायाशी निवृत्तीमामा बसलेला, हातात तेलाची वाटी! मी पायानंच ती वाटी उडवली. ड्यूटीवर मी शुद्ध बोलते, पण फार रागावले की माझं वऱ्हाडी बाहेर येतं.

"गाडीले काऊन नाई आला रे?"

तो उठून बसला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमीच तं कॅन्सल केलं."

"काय कॅन्सल केलं?"

"सारंच. भाऊराव म्हणे, बाईनं सांगतलं, कॅन्सल आहे. सोमवारचं मलकापूर कॅन्सल. म्या इचारलं, दुसरं काई सांगतलं का? तो म्हणे, नाई, येवढंच. मंग म्या काय समजाचं? रिपोर्ट बरा आला, आन् मले... नाई म्हटलं."

मी डोक्याला हात लावला. भाऊरावची सारी नोकरी त्या एका शब्दावर चाललेली. टायर फुटलं, गाडी कॅन्सल. नाल्याला पूर आला, गाडी कॅन्सल. त्याच्या कानात दुसरा शब्द शिरणार तरी कुठून?

"कॅन्सल नाई रे येड्या!" मी ओरडले. "कॅन्सर! र! रताळ्यातला र! कॅन्सर आहे तुले!"

त्याची आई गीताबाई माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन येत होती, ती जागीच थांबली. आणि शालिग्राम माझ्याकडे टक लावून बघत राहिला.

"म्हंजे," तो हळूच म्हणाला, "तुमी... नाई म्हटलं नाई?"

"मी कधी नाई म्हटलं?"

तर हा हसला! तोंडभर, डोळे भरून हसला. मी पुढे तीस वर्षं नोकरी केली, शेकडो माणसांना वाईट बातमी ऐकताना पाहिलं. कॅन्सर आहे हे ऐकून आनंदानं हसलेला माणूस मी एकच पाहिला.

"हसतो काय? काय सांगून राह्यली मी, कळते का तुले?"

"कळते. पण अर्धं तं बरं निघालं न."

मग त्याचं हसू हळूहळू उतरलं. गीताबाईंनी विचारलं, "बाई, पोराचा पाय जाईन का?" मी त्यांच्या हातातला तांब्या काढून घेतला. निवृत्तीमामा पंच्यानं हात पुसत होता. तेल केव्हाच निघालं असेल, तरी पुसतच होता. "म्या दोन महिने चोळलं," तो म्हणाला. मी त्याच्यासाठी शिव्या घोकत आले होते, पण पडलेली वाटी उचलून त्याच्याजवळ ठेवली.

ते वाया गेलेले सहा दिवस मात्र मी भाऊरावला अजून माफ केलेले नाहीत. स्वतःलाही नाहीत.

मुंबईच्या डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवलं. शालिग्राम, मामा आणि मी. छातीचा फोटो स्वच्छ होता, म्हणजे आजार अजून फुप्फुसात गेला नव्हता. तेवढाच एक आधार.

"दोन रस्ते आहेत," डॉक्टर म्हणाले. "एक, आधी कोबाल्टच्या मशीनच्या किरणांचा शेक द्यायचा. सूज उतरते, दुखणं कमी होतं. मग पाच-सहा महिने थांबायचं. तोवर छाती स्वच्छ राहिली, तर पाय काढायचा. दुसरा रस्ता म्हणजे आत्ताच मांडीतून काढायचा. दोन्ही रस्त्यांनी जाणारे डॉक्टर आहेत. तुमच्याबाबतीत मला दुसरा बरा वाटतो. पण खोटं सांगत नाही, पाय काढूनही पाचातला एकच वाचतो."

"आन् ते खरवडून हाड भराचं?" मामानं विचारलं.

"ते दुसऱ्या जातीला. इथे खरवडलं तर मागे राहतंच."

शालिग्राम म्हणाला, "मंग शेकच घेतो. सहा महिने तं पाय राहीन. लगन तरी दोन पायांवर..."

बस्स. माझ्या डोक्यात काहीतरी तुटलंच. एवढे मोठे डॉक्टर समोर बसलेत, याचंही भान राहिलं नाही.

"मले तुह्या पायासंग लगन लावाचं आहे का रे?" मी किंचाळले. "पाय घेऊन चाटू का मी? सहा महिने दोन पाय मिरवून मेलास तर मी काय तुह्या चपला पुजू? मले तू पाहिजे! जेवढा उरशील तेवढा पाहिजे!"

डॉक्टर टेबलावरचे कागद नीट करू लागले. निवृत्तीमामानं भिंतीकडे तोंड केलं.

"हे... उत्तर समजू का?" शालिग्रामनं विचारलं.

"काय समजायचं ते समज!"

तो डॉक्टरांकडे वळला. "काढा मंग," म्हणाला. "बाई उभ्या आहेत." मी सर्वांसमोर त्याचे हात धरले आणि सोडले नाहीत.

मांडीच्या मध्यावरून पाय काढला. चौथ्या दिवशी तो मला म्हणतो, "मनकर्णाबाई, उजव्या अंगठ्याले खाज सुटली."

"उजवा अंगठा आता नाही तुम्हाला."

"त्याले कोणी सांगतलंच नाई वाट्टे. जरा खाजवा न."

असं होतं. गेलेला पाय बरेच दिवस मेंदूत राहतो. मला पुस्तकातून माहीत होतं. तरी मी इकडे तिकडे बघून, चादरीवरच्या मोकळ्या जागेत, जिथे अंगठा असायला हवा होता तिथे बोटं फिरवली. "बरं वाटलं," तो म्हणाला. काय म्हणावं अशा माणसाला!

खरी लढाई बुलढाण्यात होती. माझे वडील हिंमतराव कोर्टात शिरस्तेदार. सगळं रीतसर लागायचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मनकर्णा, कन्यादानाच्या वेळी बाप जावयाचे पाय धुतो. जावयाचे पाय. 'जावयाचा पाय' असं कोणी म्हणत नाही."

"आता व्याकरणावर लग्न मोडणार का तुम्ही?"

"पाचातला एक जगतो म्हणतेस. उरलेल्या चारांत निघाला तर?"

मी दार आपटून निघून गेले. आमच्या घराच्या त्या दाराची कडी अजून ढिली आहे.

आणि जणू हे पुरेसं नव्हतं म्हणून महिन्याभरानं भाऊराव दवाखान्याच्या दारात उभा. "बाई, शालिग्रामचा निरोप आहे. कॅन्सल."

"कॅन्सर म्हणाला, का कॅन्सल?"

"या बखती तीनदा इचारून घेतलं बाई. कॅन्सलच. म्हणे, तुमचं आयुष्य खराब नाई कराचं."

"त्याला सांगा," मी म्हटलं, "एकदा चुकून कॅन्सल झालं तेवढं पुरे झालं. ही गाडी सुटत नाही. स्टँडवरच उभी आहे म्हणावं."

दोन वर्षं उभी राहिली. दर तीन महिन्यांनी छातीचा फोटो. मी फोटो खिडकीशी धरायची आणि श्वास घ्यायला विसरायची. तो मागून म्हणायचा, "काय बाई, वांगी दिसतात का काई?" आठ फोटो काढले. आठही स्वच्छ. या दोन वर्षांत तो मुंबईहून लाकडी पाय बसवून आला, सहा महिने पडत-धडपडत चालायला शिकला, आणि मी त्याच्यावर एवढी ओरडले की माझा आवाज कायमचा घोगरा झाला. आठवा फोटो मी नेऊन वडिलांच्या पुढ्यात ठेवला. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी चष्मा लावून त्यांनी तो वर-खाली पाहिला आणि म्हणाले, "तारीख काढा."

बहात्तरच्या वैशाखात लग्न लागलं. मी त्याच्या शेजारी पाटावर, तो खुर्चीवर, कारण लाकडी पायानं मांडी घालता येईना. समोर पितळी परात आली. आईनं तांब्या धरला. वडील खाली बसले आणि त्यांनी डावा पाय परातीत घेऊन धुतला, पुसला, कुंकू लावलं. सगळ्या गावाचे डोळे त्या परातीवर.

शालिग्रामनं उजवा पाय मागे ओढला. "राहू द्या मामाजी," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तो लाकडाचा आहे."

"जावयाचे पाय," वडील म्हणाले. "रीतसर." आणि त्यांनी हात पुढे करून तो लाकडी पाय उचलला, परातीत ठेवला आणि आईला म्हणाले, "ओत."

आई ओतत होती. ते धूत होते. लाकडात कोरलेली पाच बोटं, घोटा, टाच... सगळं सावकाश, दुसऱ्या पायाइतकंच नीट. अशा वेळी मला एकच सुचतं, ओरडणं.

"बाबा, पुरे! लाकूड फुगेल! पॉलिश निघून राह्यलं!"

"गप बस," वडील म्हणाले. त्यांच्या चष्म्याच्या काचा ओल्या झाल्या होत्या. "कुंकू दे इकडे."

शालिग्राम माझ्याकडे झुकला. मुंडावळ्यांआडून कानाशी म्हणाला, "मनकर्णाबाई... पाणी थंड आहे."

"असेल."

"दोन्ही पायाले लागलं."

मी वळून पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. मग मी भर मांडवात, पाचशे माणसांसमोर, मोठ्यानं रडले. काजळ, हळद सगळं एक झालं. चिडून रडले, असंच मी आजही सगळ्यांना सांगते. पॉलिश निघालं म्हणून.